उचल घेण्याआधी कागद वाचा



पोळा झाला, गौरी-गणपती उठले की आपल्या गटांच्या बैठकीत एक वाक्य ऐकू यायला लागतं. "मॅडम, दसऱ्यानंतर आम्ही नाही. कारखान्याला चाललो. माझी बचत आगाऊच घेऊन ठेवा." मी वहीत तशी नोंद करते. पण जाण्याआधी तुमच्या घरी जो दुसरा कागद होतो, त्याची नोंद कुणाच्याच वहीत नसते. तो कागद म्हणजे उचलीचा करार. यंदाच्या अंकात त्याच्याबद्दलच लिहायचं ठरवलं.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचं वाटप झाल्यावर एक ताई थांबल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी मुलाच्या मोबाइलमधला एक फोटो दाखवला. स्टॅम्प पेपर होता. वर "लिहून घेणार" म्हणून मुकादमाचं नाव, खाली "लिहून देणार" म्हणून ताईंच्या मालकांचं. रकमेची जागा कोरी. तारखेची जागा कोरी. खाली मात्र सही झालेली, साक्षीदाराचीसुद्धा. ताईंनी फोटो बोटांनी मोठा केला, परत लहान केला आणि म्हणाल्या, "मॅडम, कोयत्याला दोन माणसं लागत्यात. ह्यात तर एकच हाय. मी कुठंय?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, कामगार कायद्याचा पेपरही दिलाय. पण परीक्षेत असा प्रश्न आला नव्हता. म्हणून मग तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या वकील मॅडमना भेटले, थोडं वाचलं, आणि जे समजलं ते तुमच्यासमोर मांडतेय.

आधी माझीच चूक सांगते. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी चार पानांचं नियुक्तीपत्र समोर आलं. आनंदात मी शेवटच्या पानावर सही केली. दोन महिन्यांनी प्रवासखर्च मागितला, तर साहेबांनी तिसरं पान उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की प्रवासखर्च पगारातच धरलेला आहे. सही माझीच होती, कुणाला काय बोलणार? तेव्हा न वाचता अंगठा देणाऱ्या बाईला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. आपण सगळ्याजणी एकाच शाळेत शिकतोय.

करार म्हणजे काय

काम आणि मोबदला याबद्दल दोन बाजूंनी आपल्या मर्जीने ठरवलेली गोष्ट म्हणजे करार. तो तोंडीही असू शकतो. "सोयाबीन काढायला ये, इतकी हजेरी देईन," "येते," झाला करार. फक्त तोंडी करार मोडला तर सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून कागद हवा.

आपल्याकडे करारांसाठीचा कायदा १८७२ सालचा आहे. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, करार करणारी व्यक्ती १८ वर्षांची पूर्ण हवी. दोन, संमती मोकळी हवी. धमकावून, फसवून किंवा अडचणीचा फायदा घेऊन घेतलेली सही कोर्टात टिकवणं अवघड असतं. तीन, करारातलं काम आणि अट कायद्याला धरून हवी. चार, काय ठरलं ते दोघांनाही कळलेलं हवं. कोऱ्या कागदावर सही दिली तर या चौथ्या गोष्टीलाच सुरुंग लागतो. नंतर त्यात कुणी काय भरलं, हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर येते.

आपल्या गटात ठराव आधी वाचून दाखवतो, मग सह्या घेतो. अध्यक्ष ताई कोऱ्या मिनिटबुकावर सह्या मागायला लागल्या तर तुम्ही द्याल का? नाही देणार. मग मुकादमाला तरी का द्यायच्या?

उचल म्हणजे कुणाचे पैसे?

उचल म्हणजे पुढे होणाऱ्या मजुरीचे आगाऊ पैसे. मुकादमाचे उपकार नाहीत, आणि आपल्याला फुकट मिळालेले पैसेही नाहीत. कारखाना किंवा वाहतूक ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळी जमवून कोयत्यामागे उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. हिशेब कोयत्याचा होतो, पण पैसे आणि सही एकाचीच.

आता हिशेब करू. वही-पेन घ्या. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. गाडी, टायर, डोकी सेंटर यांचे दर वेगवेगळे असतात आणि करार ठरावीक हंगामांपुरता असतो, म्हणून यंदाचा दर आधी विचारून घ्या. इथे हिशेबापुरते ३६६ धरू.

समजा एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली. रोज दोन टन ऊस तोडला. म्हणजे दिवसाला ७३२ रुपये. १ लाख फेडायला किती दिवस लागतील? १ लाखाला ७३२ ने भागा. १३७ दिवस. आता कारखाना १२० दिवसच चालला तर? १२० दिवसांचे होतात ८७,८४० रुपये. १२,१६० रुपये अंगावर राहिले. आणि यात आठवड्याची खर्ची धरलेलीच नाही. चार-साडेचार महिने पीठ-मीठ, तेल, पोराचं औषध यासाठी जी खर्ची घेतली, ती वेगळी अंगावर.

आता खाडा धरू. ताप आला, पाळीत उभं राहवेना, पोर आजारी पडलं, असे मिळून ६ दिवस गेले. काम झालं ११४ दिवस, मजुरी ८३,४४८ रुपये. बाकी राहते १६,५५२. पण मुकादमाने खाड्याचा दिवसाला ५०० रुपये दंड लावला, तर आणखी ३,००० वाढले आणि बाकी झाली १९,५५२. बघा, काम नाही केलं म्हणून त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. दंडाने वरून खिशातले काढले. आणि ही बाकी फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा त्याच टोळीत जायचं.

खाड्याच्या धाकाने बायका अंगावर दुखणी काढतात, हे मी तुम्हाला नवीन सांगायला नको. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. करारातली एक ओळ बाईच्या शरीरापर्यंत कशी पोचते, ते तेव्हा सगळ्या राज्याला कळलं.

आपले हक्क

१. समान कामाला समान मजुरी. केंद्र सरकारने चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या आहेत. त्यातली वेतन संहिता सांगते की एकसारख्या कामासाठी बाईला बाई म्हणून कमी मजुरी देता येणार नाही. हे आधीच्या १९७६ च्या कायद्यातही होतं.

२. खाड्याला मनमानी दंड नाही. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवसापुरतीच मजुरी कापता येते, त्याहून जास्त नाही. दंड लावायचाच असेल तर तो कशासाठी हे आधी जाहीर केलेलं हवं, मजुराला आपली बाजू मांडू द्यायला हवी, आणि त्या मुदतीच्या मजुरीच्या ३ टक्क्यांहून जास्त दंड घेता येत नाही. (टोळीतल्या दहा-बारा जणांनी मिळून न सांगता काम बंद केलं, तर नियम वेगळा आहे.)

३. प्रवासाला दिलेले पैसे उचलीत धरून वसूल करता येत नाहीत. गावातून ट्रॅक्टर निघतो, त्याचं भाडं आपल्या नावावर टाकलं असेल तर विचारा.

४. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत कुणाला राबवून घेता येत नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच आहे.

५. पैशासाठी माणूस अडवता येत नाही. उचल फिटली नाही म्हणून कुणाला कोपीवरून हलू न देणं, पोराला ठेवून घेणं, उचलून नेणं, हा गुन्हा आहे. वेठबिगारी नष्ट करण्याचा १९७६ चा कायदा आहे. आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाचं काम सोडायचं, कुठेही जायचं-यायचं किंवा किमान वेतन मिळवायचं स्वातंत्र्य हिरावलं, तर ती वेठबिगारी. अशा वेठबिगारीतलं कर्ज हा कायदा रद्द करतो, आणि करून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नाही, हेही समजून घ्या. मोकळेपणाने घेतलेली, कामातून सरळ फिटणारी उचल हा साधा व्यवहार आहे. कायदा दाखवून उचल बुडवायची, असा अर्थ कुणी काढू नका.

६. इज्जतीने काम करण्याचा हक्क. फडात, तळावर, ट्रॅक्टरवर कुणी अंगलट आलं, घाणेरडं बोललं, तर २०१३ चा कायदा शेतमजूर आणि असंघटित बायकांनाही लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक समिती असते. तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यायची.

आता एक अडचण. हक्क मागायला गेलं की कारखाना म्हणतो, "हे मजूर मुकादमाचे." मुकादम म्हणतो, "पैसा कारखान्याचा, मी मधला माणूस." दोघांच्या मध्ये बाई उभी. तिच्या हातात कागदाचा एक कपटासुद्धा नसतो. आपण काम केलं हे दाखवायलाच काही नसेल, तर वर लिहिलेले सहाच्या सहा हक्क मागायचे कुठे? म्हणून नाव लागणं महत्त्वाचं.

नाव लावायचं, पण कशासाठी?

हे बोलल्यावर बैठकीत एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "आगं पोरी, नाव लावलं की बाकी पण आमच्याच डोक्यावर येईल की! आत्ता निदान मालकाच्या नावावर तरी हाय." मावशींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मीही तो विचार केला नव्हता.

वकील मॅडमनी यातला फरक समजावला. कागदावर नाव दोन प्रकारे येतं. एक, मजूर म्हणून, म्हणजे ही बाई काम करणार आणि तिच्या वाट्याची मजुरी तिची. दुसरं, जामीन म्हणून, म्हणजे नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर मी देईन. आपल्याला पहिल्या प्रकारे नाव हवंय. म्हणून कागदावर बायकोच्या वाट्याची उचल किती, ते वेगळं लिहून घ्या. तिच्या खात्यात आले तेवढेच पैसे तिच्या नावावर. "दोघे मिळून आणि वेगवेगळेही जबाबदार" अशा अर्थाची ओळ असेल तर त्यावर बोट ठेवून विचारा. जामिनाच्या रकान्यात नाव असेल तर घरी बोलल्याशिवाय सही करू नका. आणि कोरा चेक तर कुणालाच देऊ नका. चेक वटला नाही म्हणून झालेली केस उचलीपेक्षा महाग पडते.

आपली जबाबदारी

हक्काची यादी लांब झाली, कर्तव्याचीही वाचू या. करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

एकाच हंगामासाठी दोन मुकादमांकडून उचल घ्यायची नाही. असं होतं, आणि ते तुम्हालाही माहीत आहे. तो फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. आणि एका घराने केलं की मुकादम पुढच्या दहा घरांना कोरा चेक मागतो.

ऊस जमिनीलगत तोडायचा, पाचट साफ काढायचं, मोळी नीट बांधायची. पाचटासकट माल गेला तर कारखाना वजनातून कपात करतो आणि भांडण आपल्या टोळीत लागतं.

यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी किंवा सकाळीच सांगायचं. न सांगता घरी थांबणं आणि आजारी आहे म्हणून कळवून थांबणं यात फरक आहे. टोळीतल्या बाकीच्यांची गाडी आपल्यामुळे अडते.

ज्याच्या रानात तोडायला गेलो, त्या शेतकऱ्याकडे खुशालीचे पैसे अडवून मागायचे नाहीत. तोही आपल्यासारखाच कर्ज काढून ऊस लावणारा असतो.

हंगाम मध्येच सोडायची वेळ आली, तर रातोरात निघून जायचं नाही. मुकादमाला सांगायचं, तोवरचा हिशेब लिहून घ्यायचा, मग निघायचं. अर्थात, जिवाला किंवा इज्जतीला धोका असेल तर आधी तिथून बाहेर पडायचं, हिशेब नंतर.

आणि लेकरांना कोयत्यात धरायचं नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली आहेत, त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

कागद कसा असावा

वकील मॅडमच्या मदतीने एक साधा नमुना केलाय. रिकाम्या जागा सहीच्या आधी भरायच्या.

"आम्ही दोघे, (नवऱ्याचे पूर्ण नाव) व (बायकोचे पूर्ण नाव), राहणार (गाव, तालुका), आम्ही (मुकादमाचे पूर्ण नाव, गाव) यांच्या टोळीत (कारखान्याचे नाव) येथे (वर्ष) या गळीत हंगामात ऊसतोडणीचे काम करू. तोडणीचा दर टनाला ___ रुपये. उचल एकूण ___ रुपये, अक्षरी ___. पैकी ___ रुपये नवऱ्याच्या व ___ रुपये बायकोच्या बँक खात्यात जमा. मजुरी दोघांची निम्मी निम्मी. जाण्यायेण्याचे भाडे मुकादमाकडे. दर १५ दिवसांनी वजनाच्या पावत्या दाखवून हिशेब. काम नसेल त्या दिवसाची मजुरी नाही, वेगळा दंड नाही. हंगाम संपल्यावर ___ दिवसांत शेवटचा हिशेब, आणि उचल फिटल्यावर हा कागद व दिलेले इतर कागद परत."

खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, मुकादमाची सही, दोन साक्षीदार, तारीख. साक्षीदारांपैकी एक आपल्या ग्रामसंघातली बाई असेल तर उत्तम. एक प्रत आपल्याकडे. प्रत मिळत नसेल तर मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि सीआरपी ताईंना पाठवून ठेवा. अंगठा देणाऱ्या ताईंनी कागद मुकादमाशिवाय दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, गावातली दहावीची पोरगीही चालेल.

आणखी एक काम ग्रामपंचायतीत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्यासाठीची नोंदणी आणि ओळखपत्र ग्रामसेवकांमार्फत होतं. नोंदणी करताना दोघांची करा. मालकांचं कार्ड झालं म्हणजे आपलं झालं, असं नाही.

फडातली वही

कागद झाला तरी काम संपत नाही. पाच-दहा रुपयांची एक वही सोबत न्या. रोज रात्री पाच गोष्टी लिहा: तारीख, किती टन किंवा किती गाड्या, पावतीचा नंबर, घेतलेली खर्ची, खाडा झाला तर त्याचं कारण. चिटबॉयकडची पावती मुकादमाकडे जाण्याआधी तिचा फोटो काढा. लिहिता येत नसेल तर टनाला एक उभी रेघ मारा, पाचवी रेघ आडवी. आपली बचतीची वही अशीच तर सुरू झाली होती. दर पंधरवड्याला मुकादमाच्या वहीशी आपली वही ताडून बघा, जमलं तर त्याची सही घ्या. हंगामाच्या शेवटी "तुमच्याकडे अजून निघतंय" असं कुणी म्हणालं, तर "वही काढा, माझीपण काढते" एवढं म्हणता आलं पाहिजे.

अडचण आली तर

जिवाला धोका असेल, कुणी डांबून ठेवलं असेल तर ११२ ला फोन करा. महिला हेल्पलाइन १८१. बाईला वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ चा कायदाच तसा आहे. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. मजुरी अडकली तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. वेठबिगारीची तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे. तक्रार नेहमी लेखी द्या आणि पोच घ्या. कर्नाटकात असाल तरी हे नंबर चालतात. भाषेची अडचण आली तर ग्रामसंघाला फोन करा, इथून आम्ही बोलू.

ज्या ताया कारखान्याला जात नाहीत, त्यांनी हे पान उलटून टाकू नये. एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाता, जिनिंगवर जाता, घरी शिलाईचं काम आणता, तिथेही हेच प्रश्न आहेत. मालक कोण, काम काय, दर किती, पैसे कधी आणि कुणाच्या हातात, कापणार काय, काम सोडायचं झालं तर कसं? एवढ्याची उत्तरं सहीच्या आधी मिळाली पाहिजेत.

त्या ताईंचं काय झालं

ताई आणि त्यांचे मालक दोघेही ग्रामसंघाच्या अध्यक्षांना घेऊन मुकादमाकडे गेले. मीही सोबत होते. मुकादम गावातलाच, नात्यातला. आधी चिडला. "माझ्यावर इस्वास नाही का?" म्हणाला. अध्यक्ष बाई शांतपणे म्हणाल्या, "इस्वास हाय म्हणून तर लिहायला सांगतोय दादा. इस्वास नसता तर दुसऱ्याकडं गेलो असतो." बराच वेळ बोलणं झालं. त्याने रक्कम आणि तारीख भरली. ताईंचं नाव मजूर म्हणून घातलं. उचलीतले ४० हजार ताईंच्या खात्यात टाकायला कबूल झाला आणि आठ दिवसांनी टाकलेही. भाड्याचं लिहिलं. खाड्याच्या दंडाची ओळ मात्र लिहायला तयार झाला नाही. "वरून माझ्याच नावावर कापतात," म्हणाला. ती गोष्ट तशीच राहिली. ती एकट्या ताईंच्या ताकदीची नाही, एका गटाच्याही नाही. पुढच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत तो विषय घेतोय. आपल्या प्रभागातून किती कोयते जातात याची यादी सोबत असेल, तर एकेका मुकादमाशी बोलण्यापेक्षा सगळ्यांना एकत्र बोलावून बोलता येईल.

निघताना ताईंच्या मालकांनी कागदाची घडी खिशात घालायला घेतली. ताई म्हणाल्या, "इकडं द्या. माझ्या बचतीच्या पिशवीत राहू द्या." कागद त्या पिशवीत गेला.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी करायच्या. यंदा कोण कोण कामाला बाहेर जाणार, त्यांची नावं मिनिटबुकात लिहायची, नवरा-बायको दोघांची. ज्यांचा कागद झालाय, त्यांनी तो बैठकीत वाचून दाखवायचा. ज्यांचा व्हायचाय, त्यांनी वरचा नमुना उतरून घ्यायचा. आणि गटातल्या हुशार पोरींना सांगून प्रत्येकीला एक वही आखून द्यायची.

दसऱ्याच्या आत मी सगळ्या गटांत येतेय. कागद तयार ठेवा, आपण सोबत बसून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक